हजाराला एक

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर आर-तीनशे बारा.
शेजारचा प्रेस साडेसातला थांबतो
मग माझं काम सुरू होतं.
दिवसा इथे टेबलसुद्धा थरथरतं
आणि मला मोजायचे असतात मायक्रोव्होल्ट.

आत पाच व्होल्ट, बाहेर तीन पॉइंट तीन.
मधे रेग्युलेटर, तांदळाच्या दाण्याहून जरासा रुंद.
त्याला आज मी मुद्दाम छळणार आहे.
सरळ वाहत्या पाच व्होल्टांवर
शंभर मिलिव्होल्टची लाट चढवायची
आणि पलीकडे बघत बसायचं, किती झिरपली.

इनपुटचा कपॅसिटर आधी उपटून काढला.
तो राहिला तर लाट तोच गिळतो
आणि शाबासकी भलत्यालाच मिळते.

शंभर हर्ट्‌झ.
आत शंभर मिलि, बाहेर शंभर मायक्रो.
हजाराला एक. साठ डेसिबल.
बर्वेसाहेबांना एवढंच हवं असतं,
फॉर्मवर चौकटही एकच आहे.

पण हा बोर्ड जाणार कान तपासायच्या यंत्रात.
बंद खोलीत एक पोर बसेल, डोक्यापेक्षा मोठा हेडफोन घालून,
आवाज आला की बोट वर करायचं, असं त्याला सांगितलेलं.
आपला पॉवर सप्लाय हलक्या लोडवर शिट्टी घालतो.
ती जर त्याच्या कानापर्यंत गेली
तर ते शहाणं पोर
काहीच वाजवलेलं नसताना बोट वर करेल.

म्हणून आठ हजार हर्ट्‌झ.
इथे एक्केचाळीस यायला हवेत. आले सव्वीस.
पुन्हा घेतलं. सव्वीस.
चिप बदलली. सव्वीस.
रेग्युलेटरला मनातल्या मनात शिव्या घातल्या,
पुरवठादाराला जरा मोठ्याने.
मग सहज जनरेटर बंद केला.
लाटच नाही
तरी बाहेर तेच पाच मिलि, तसेच नाचतायत.

मढवीकाका चहाचा ग्लास घेऊन मागे उभे.
दिवाळ्याचे. आयुष्यभर बोटींवरचे वायरलेस दुरुस्त केले,
आता इथे सोल्डरिंगला.
म्हणाले, "ताय, आधी शेपूट काढ त्याचा."
शेपूट म्हणजे प्रोबची काळी अर्थ वायर,
वीतभर, वेटोळं घालून पडलेली
आणि वरच्या ट्यूबचा सगळा कचरा गोळा करणारी.
दीड तास मी माझ्याच वायरीचा आवाज
त्या चिपच्या नावावर लिहीत होते.

शेपूट काढलं. तांब्याच्या तारेची स्प्रिंग केली,
प्रोबच्या गळ्याशीच टेकवली.
नऊशे मायक्रो. एक्केचाळीस.
काका बघायलाही थांबले नव्हते.

मग बॅटरी उतरल्याचं सोंग.
पाचाचे साडेचार. साडेचाराचे चार. फरक नाही.
तीन पॉइंट पाचला अकरा.
सगळी लाट जवळजवळ जशीच्या तशी पलीकडे.
त्याला डोक्यावर जरा जागा लागते,
ते वरचे व्होल्ट तो नुसते जाळतो
आणि त्यांच्याच जिवावर खालची रेषा धरून ठेवतो.
परत पाचावर आणून बोट लावून पाहिलं.
चटका बसला.

फॉर्मवर चौकटीत साठ लिहिले.
शेजारच्या कोऱ्या जागेत, शाईपेनाने:
आठ हजारावर एक्केचाळीस,
बॅटरी उतरल्यावर अकरा.
उद्या बर्वेसाहेब विचारतील, हे कोणी मागितलं होतं?
काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

निघताना ट्यूब बंद केली
आणि अंधारात सहज स्क्रीनकडे पाहिलं.
रेषा आणखी बारीक झाली होती.
सपाट नव्हती.
बाहेर काका शटरची साखळी हातात धरून
"चल गो," म्हणत होते.